मराठवाड्याच्या पठारावर राहून फ्रान्समधल्या घाटांची तयारी कशी करावी?

प्रश्न : बालाघाटवासी (अंबाजोगाई)

सर्व सायकलस्वार मित्रांना नमस्कार. मी अंबाजोगाईच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवतो, वय ४४ वर्षे. मागच्या वर्षी मी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, एकाच हंगामात पूर्ण केल्या. तेव्हापासून मनात एकच विचार घोळतो आहे, की ज्या घाटांचे नकाशे वर्गात फळ्यावर काढतो त्यांपैकी एखादा तरी स्वतःच्या पायांनी चढून पाहावा. पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, म्हणजे मे महिन्यात, लातूरच्या दोन मित्रांसह दहा-बारा दिवस फ्रान्सला जावे, बूर द्वाझाँ या गावी मुक्काम करून आल्प्स पर्वतातला आल्प द्युएझचा घाट चढावा आणि एक दिवस गालिबिएची खिंड करावी, असे ठरवतो आहोत.

अडचण अशी, की आमच्याकडे सरावाला साजेसा चढच नाही. परळीहून अंबाजोगाईकडे येताना बालाघाटाचा जो चढ लागतो, तो अंगात ऊब येते न येते तोच संपतो. मांजरसुंब्याचा घाटही तसाच. ज्या माणसाने एका दमात वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त चढ कधी चढलेला नाही, त्याने दोन-तीन तासांच्या अखंड चढाची तयारी कशी करावी? माझ्या सायकलीला पुढे ५०/३४ आणि मागे ११-२८ दातांचे गिअर आहेत, ते पुरतील का? आणि सायकल इथून न्यावी की तिकडे भाड्याने घ्यावी? अनुभवी मंडळींनी सविस्तर लिहिल्यास मी आभारी राहीन.

उत्तर : चेन आणि वंगण (लातूर)

सर, गिअरपुरते मी सांगतो, कारण माझा तो रोजचा धंदा आहे. मागचे २८ दात पुरणार नाहीत. हिशेब साधा आहे. मिनिटाला ६० फेऱ्या या गतीने पॅडल मारले, तर ३४ आणि २८ या जोडीवर सायकल ताशी नऊ किलोमीटरच्या वर धावते, तर ३४ आणि ३४ या जोडीवर साडेसात किलोमीटरने. दहा टक्क्यांच्या चढावर ताशी नऊ किलोमीटरचा वेग तासभर टिकवणे आपल्यासारख्या नोकरी-धंदा सांभाळून सायकल चालवणाऱ्या माणसाला फार जड जाते. तो टिकला नाही, की फेऱ्या पन्नासच्या खाली, पुढे चाळीसच्या खाली येतात आणि गुडघे धरतात. त्यामुळे ११-३४ची कॅसेट, म्हणजे मागच्या दातेरी चक्रांचा संच, बसवून घ्या. तुमचा मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) आखूड पिंजऱ्याचा असेल तर तो ३४ दात पेलणार नाही, म्हणजे तोही बदलावा लागेल. चेनही जुन्या मापाची ठेवू नका, ती आखूड पडेल.

दुसरे, डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो हँगर प्रत्येक फ्रेमला वेगळा लागतो. सायकल विमानातून नेणार असाल तर तो वाकण्याची शक्यता सर्वांत जास्त, आणि परक्या गावात नेमका तुमच्या फ्रेमचा हँगर मिळेल याची खात्री नाही. एक जास्तीचा सोबत ठेवा. १९१३ साली टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत तुरमाले घाटाच्या उतारावर शर्यतपटू यूजेन क्रिस्तोफ यांच्या सायकलीचा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा भाग, मोडला. सायकल खांद्यावर घेऊन ते चौदा-एक किलोमीटर चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचले आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर त्यांनी स्वतःच्या हातांनी तो जोडला, कारण शर्यतीच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याची मदत घेता येत नव्हती. भट्टीचा भाता एका मुलाने हलवला, एवढ्यावरून त्यांना दंड झाला. मी माझ्या दुकानातल्या पोरांना ही गोष्ट नेहमी सांगतो. तुम्हाला कोणी दंड करणार नाही, पण सुटा भाग मात्र जवळ हवा.

उत्तर : देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटवासी सर, तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण आठ वर्षांपूर्वी मी अगदी हाच प्रश्न घेऊन बसलो होतो. त्यानंतर दोनदा आल्प्समध्ये जाऊन आलो, दोन्ही वेळा जुलैमध्ये. आधी तुमच्या बेतातली मुख्य अडचण सांगतो. गालिबिएची खिंड २६४२ मीटर उंचीवर आहे. हिवाळ्यातल्या बर्फामुळे तिचा रस्ता बंद असतो आणि साधारणपणे मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनमध्ये, बर्फ यंत्रांनी कापून काढल्यावर, खुला होतो. तुमची सुट्टी मे महिन्यात असेल तर गालिबिएच्या भरवशावर विमानाचे तिकीट काढणे मला योग्य वाटत नाही. आल्प द्युएझचा रस्ता मात्र वर स्कीइंगचे गाव असल्यामुळे बारमाही सुरू असतो. त्यामुळे तो तुम्हाला मिळेल.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. माझे मत असे, की अखंड चढाची तयारी मराठवाड्यात उत्तम होते. त्यासाठी डोंगर शोधत फिरण्याची गरज नाही, वारा शोधावा. जून-जुलैमध्ये आपल्या पठारावर पश्चिमेचा जो वारा सुटतो, त्याच्या तोंडावर अंबाजोगाईहून केजमार्गे मांजरसुंब्यापर्यंत जाऊन पाहा. घाटातला चढ आणि समोरचा वारा यांच्यात एक साम्य आहे, की दोन्ही ठिकाणी पॅडल थांबवले की सायकल थांबते. आपल्या सपाट रस्त्यांवरच्या सरावात आपण नकळत दर दोन-चार मिनिटांनी पाय सैल सोडतो, आणि लांबच्या चढावर नेमकी हीच सवय अंगाशी येते. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर दीड-दोन तास, बोलताना वाक्य पुरे करता येईल पण गाणे म्हणता येणार नाही अशा दमाने, एकदाही पॅडल न सोडता चालवायचे. त्यातला काही काळ मुद्दाम एक गिअर जड ठेवून मिनिटाला पन्नास-पंचावन्न फेऱ्यांनी चालवायचे, म्हणजे चढावर पायांवर जो सावकाश, दाबून धरणारा भार येतो त्याची ओळख होते. आठवड्यातून दोनदा असे केल्यावर तीन महिन्यांत मला जो फरक दिसला, तो वर्षभर घाटात फेऱ्या मारून दिसला नव्हता.

वेगाचा अंदाज किलोमीटरवरून बांधू नका, तासाला किती मीटर उंची चढता यावरून बांधा. बालाघाटाच्या चढाची उंची नकाशावरून काढा, तो चढायला लागलेली मिनिटे मोजा. छोट्या चढावर जो आकडा येईल त्याच्या साधारण तीन चतुर्थांश वेग लांबच्या चढावर टिकतो, असा माझा अनुभव आहे. समजा तुमचा टिकाऊ वेग तासाला ६०० मीटर निघाला. आल्प द्युएझचा रस्ता बूर द्वाझाँहून १३.८ किलोमीटरमध्ये सुमारे ११०० मीटर चढतो, म्हणजे तुम्हाला दोन तासांच्या आत-बाहेर लागतील. याउलट गालिबिए उत्तरेकडून, सँ-मिशेल-द-मोरिएनहून केला तर आधी तेलेग्राफची १५६६ मीटरची खिंड, मग व्हालवार गावापर्यंत थोडा उतार आणि पुढे अठरा किलोमीटरचा चढ, असे मिळून २१०० मीटर होतात. ते साडेतीन तासांचे काम आहे, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग शेवटी येतो. प्लाँ लाशा या ठिकाणानंतर रस्ता एकदम उभा होतो आणि तिथे हवाही विरळ झालेली असते. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम पाऊणपट असतो.

त्या रस्त्यांवर एक सोय आहे, जी आपल्याकडेही व्हावी असे मला मनापासून वाटते. बहुतेक प्रसिद्ध खिंडींच्या वाटेवर दर किलोमीटरला सायकलस्वारांसाठी दगड किंवा पाटी असते. तिच्यावर तिथली उंची, शिखरापर्यंतचे उरलेले अंतर आणि पुढच्या एका किलोमीटरचा सरासरी चढ टक्क्यांत लिहिलेला असतो. आल्प द्युएझला तर २१ वळणांना उलटे क्रमांक दिले आहेत. पायथ्याशी २१, वर १, आणि प्रत्येक पाटीवर तिथे जिंकलेल्या शर्यतपटूचे नाव. १९५२ मध्ये टूर द फ्रान्स तिथे पहिल्यांदा गेली आणि फाउस्तो कोप्पी जिंकले. सावध राहण्याची जागा म्हणजे सुरुवातीचे दोन किलोमीटर, कारण ते दहा टक्क्यांच्या आसपास आहेत आणि ताज्या पायांच्या उत्साहात माणूस तिथेच आपली शिदोरी संपवून बसतो.

चढाबद्दल इतके पुरे. मला खरी काळजी तुमच्या उताराची वाटते, आणि त्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. आपण मराठवाड्यातली माणसे बेचाळीस अंशांत सायकल चालवतो, थंडी आपल्या हिशेबात नसते. पहिल्या वेळी गालिबिएच्या माथ्यावर मी घामाने भिजलेल्या बनियनवर पातळ विंडचीटर चढवून तसाच खालच्या लोतारे खिंडीकडे उतरायला लागलो. उंचीबरोबर तापमान दर शंभर मीटरला सुमारे ०.६ अंशाने उतरते, म्हणजे खाली पंचवीस अंश असताना वर बारा-तेरा असते, आणि ताशी पन्नासच्या वेगाचा वारा लागला की ओल्या अंगाला ते त्याहून बरेच थंड भासते. दहा मिनिटांत माझी बोटे बधिर झाली. ब्रेक दाबतो आहे हे डोळ्यांना दिसत होते, हातांना कळत नव्हते. अंग थरथरू लागले, तशी सायकलही थरथरू लागली. मी एका वळणावर कडेला थांबलो आणि काखेत हात घालून पाऊण तास बसून राहिलो. त्या दिवशी माझे काही बरेवाईट झाले नाही याचे श्रेय मी स्वतःला देत नाही. पूर्ण बोटांचे जाड हातमोजे, कानांवर पट्टी, एक कोरडा बनियन आणि पाणी न शिरणारे जाकीट हे ओझे वरपर्यंत वाहून नेलेच पाहिजे, खाली कितीही ऊन असले तरी.

उताराचा सराव इथे करता येतो. म्हैसमाळ आमच्याकडे आहे, सुमारे १०६७ मीटर उंचीवर. खुलताबादहून वर जाणारे सगळे चढाचा वेळ मोजतात आणि उतार सुट्टीसारखा घालवतात. मी आता उलट करतो. चढताना आरामात जातो आणि उतरताना प्रत्येक वळणाचा अभ्यास करतो. ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच लावून घ्यायचा. वळणात बाहेरच्या बाजूचा पाय खाली ठेवून त्यावर भार द्यायचा. हात हँडलच्या खालच्या वाकावर ठेवायचे आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वळण जिथे संपते तिथे ठेवायची. रिम ब्रेकची, म्हणजे ब्रेक चाकाच्या कडीवर दाबला जाणारी, सायकल असेल तर ब्रेक सलग धरून ठेवू नका, रिम तापून ट्यूब फुटू शकते. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

एक गोष्ट मात्र इथे शिकता येत नाही. फ्रान्समध्ये उजव्या बाजूने चालवायचे असते. सपाट रस्त्यावर ते तासाभरात अंगवळणी पडते. पण उतारावर समोरून अचानक गाडी आली की जन्मभराची सवय आपल्याला डावीकडे खेचते, आणि तिकडे डावी बाजू म्हणजे समोरून येणाऱ्यांची. शिवाय आपल्याकडे डावे वळण आतल्या बाजूचे आणि अरुंद असते, तिकडे उजवे. पहिले दोन दिवस छोट्या, रहदारी नसलेल्या रस्त्यांवरच उतरा. सायकल भाड्याने घेतलीत तर दुकानातच पाहून घ्या, कारण तिकडे बहुधा डाव्या हाताला पुढचा ब्रेक असतो आणि आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो. बूर द्वाझाँत चांगल्या सायकली भाड्याने मिळतात. तरी माझे मत विचाराल तर आपली सायकल न्यावी. ज्या सायकलीवर उताराचा सराव केला, तिच्यावरच विश्वास बसतो.

बालाघाटवासी (अंबाजोगाई)

देवगिरी सर, आपण इतका वेळ काढून लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बर्फरेषेचे धडे मुलांना शिकवणाऱ्या मला मे महिन्यात गालिबिए बंद असेल हे सुचायला हवे होते. महाविद्यालय जूनच्या मध्याला सुरू होते आणि परीक्षेच्या कामामुळे पुढे रजा मिळणे कठीण आहे. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तर उंच खिंडी पुन्हा बंद होऊ लागतात. मग मे महिन्याचा विचार सोडूनच द्यावा का?

उत्तर : गोदाकाठ (नांदेड)

सर, सोडून देऊ नका, दक्षिणेकडे सरका. मे महिन्यासाठी प्रोव्हान्स प्रांत आणि तिथला माँ व्हाँतू हा पर्वत मला सर्वांत योग्य वाटतो. तो एकटाच मैदानातून वर उठलेला आहे, उंची सुमारे १९१० मीटर. माथ्यावरचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो, पण साधारणपणे मेच्या मध्यापर्यंत खुला होतो. निघण्याआधी रस्त्याची स्थिती पाहून घ्या आणि शक्यतो मेच्या शेवटच्या दहा दिवसांत जा. वर जायला तीन गावांहून तीन रस्ते आहेत. बेदवँहून २१ किलोमीटरमध्ये १६०० मीटर चढणारा रस्ता सर्वांत प्रसिद्ध आणि अवघड आहे. मालोसेनचा जवळपास तेवढाच कठीण आहे. सो नावाच्या गावाहून जाणारा लांब पण सौम्य आहे, सुमारे २६ किलोमीटर आणि सरासरी साडेचार टक्के. माझा सल्ला असा, की आधी सोच्या बाजूने चढा, डोंगराची आणि वाऱ्याची ओळख करून घ्या आणि दोन दिवसांनी बेदवँहून जा. देवगिरी सरांच्या हिशेबाने तुम्हाला पावणेतीन तास लागतील.

बेदवँच्या रस्त्यावर पहिले पाच-सहा किलोमीटर द्राक्षांच्या मळ्यांतून सहज जातात. मग एका डाव्या वळणापासून जंगल सुरू होते आणि पुढचे नऊ-दहा किलोमीटर नऊ-दहा टक्क्यांचा चढ विसावा म्हणून देत नाही. शाले रेनार या ठिकाणानंतर झाडे संपतात आणि शेवटचे सहा किलोमीटर उघड्या पांढऱ्या दगडांतून जावे लागते. तिथे मिस्त्राल हा उत्तरेकडचा जोरदार वारा सुटला असेल तर परत फिरण्यात कमीपणा मानू नका. माथ्याच्या अलीकडे टॉम सिम्पसन यांचे स्मारक आहे. १३ जुलै १९६७ रोजी टूरच्या शर्यतीत याच चढावर ते कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. प्रचंड उष्णता, शरीरातले पाणी संपणे आणि उत्तेजक औषधे ही त्याची कारणे होती. आपल्याला उन्हाची सवय आहे, म्हणून चढावरच्या उन्हाकडे आपण दुर्लक्ष करतो. पण ताशी आठ किलोमीटरच्या वेगाने अंगाला वाराच लागत नाही, घाम वाळत नाही आणि तहान जाणवण्याआधीच पाणी संपलेले असते. सावलीत भेटलेल्या प्रत्येक नळावर बाटली भरून घ्या. मात्र 'ओ नों पोताब्ल' अशी पाटी दिसली तर ते पाणी पिण्याचे नाही.

विश्रांतीच्या दिवशी नेस्क नदीच्या दरीतून सोकडे जाणारा रस्ता करा. वीस किलोमीटर हळुवार चढ, एका बाजूला खोल दरी आणि वाहने अगदी तुरळक. माझ्या दृष्टीने दरीकडेच्या त्या रस्त्यासाठी एक दिवस राखून ठेवणे माथ्याइतकेच मोलाचे आहे.

आता थोडे माझ्या अनुभवाविषयी, कारण घाटांच्या नादात आपण साध्या टेकड्यांना विसरतो. मी २०२३ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस केली. १८९१ मध्ये सुरू झालेली ही वाट आता दर चार वर्षांनी १२०० किलोमीटरच्या ब्रेव्हेच्या रूपात होते, ९० तासांत पूर्ण करायची असते आणि तिच्यात एकही मोठा घाट नाही. तरीही एकूण चढ १२,००० मीटरच्या आसपास भरतो, कारण ब्रिटनीचा प्रदेश म्हणजे एकामागून एक टेकड्या. खाली ओढा, वर गाव, पुन्हा ओढा, पुन्हा गाव. पहिल्या दिवशी मी प्रत्येक टेकडी जोराने पार केली आणि दुसऱ्या रात्री माझ्या पायांत गोळे आले. गावातल्या एका आजींनी घरासमोर टेबल मांडून येणाऱ्या-जाणाऱ्यांना कॉफी द्यायला ठेवली होती. त्यांनी मला खुर्चीत बसवले आणि अंगावर घोंगडी टाकली. भाषा एकमेकींची कळत नव्हती. पंढरीच्या वाटेवर आपल्या गावांतले लोक वारकऱ्यांसाठी जसे दारात उभे असतात, तसेच ते मला वाटले. तुम्ही व्हाँतूच्या आसपास जे इतर दिवस फिराल तेही अशाच टेकड्यांचे असतील, म्हणून त्या दिवशीही दम राखून चालवा.

खाण्याचे म्हणाल, तर छोट्या गावांत दुपारी बारा ते दोन दुकाने बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर तर काहीच मिळत नाही. सकाळीच बेकरीतून पाव आणि फळे घेऊन खिशात ठेवा. घरून शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या आणि खजूर न्या. पेढे किंवा खव्याचे पदार्थ नेऊ नका, कारण युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून दूध आणि मांस यांचे पदार्थ नेण्यास मनाई आहे. पुढचा-मागचा दिवा आणि चमकणारे जाकीट सोबत असू द्या. गावाबाहेर रात्री किंवा अंधुक प्रकाशात ते जाकीट घालणे कायद्याने बंधनकारक आहे. व्हिसासाठी तीस हजार युरोंचा विमा लागतोच, पण त्यात डोंगरातून सुटका करण्याचा खर्च धरला आहे का हे नीट वाचून घ्या. आणीबाणीत ११२ हा क्रमांक लावायचा.

उत्तर : देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

गोदाकाठ ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. फक्त एक भर घालतो. व्हाँतूनंतर चार दिवस हाताशी असतील तर शेवटी बूर द्वाझाँला जा, आल्प द्युएझ करा आणि लोतारेची खिंड करा. ती २०५८ मीटरवर आहे आणि मोठ्या रस्त्यावर असल्यामुळे सहसा खुली असते. वाटेत बोगदे आहेत, तिथे दिवा लावूनच शिरा. लोतारेवरून गालिबिएचा फाटा डावीकडे वर जाताना दिसतो. खुला असेल तर चढा, नसेल तर तिथून नमस्कार करा.

बालाघाटवासी (अंबाजोगाई)

आपणा सर्वांचे आभार. मित्रांशी बोललो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सो आणि बेदवँ, नंतर चार दिवस बूर द्वाझाँ, असा बेत पक्का केला आहे. लातूरच्या दादांना ११-३४ची कॅसेट, नवी चेन आणि दोन हँगर सांगितले आहेत. डिरेलर आखूड पिंजऱ्याचाच निघाला, त्यामुळे तोही बदलतो आहोत. येत्या रविवारी आम्ही तिघे पहाटे खुलताबादला येतो आहोत. देवगिरी सरांना वेळ असेल तर म्हैसमाळच्या उतारावर त्यांच्या मागे राहून वळणे शिकायची इच्छा आहे.

उत्तर : देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

साडेसहाला भद्रा मारुतीच्या कमानीपाशी उभा असेन. पूर्ण बोटांचे हातमोजे आणा, उकडले तरी. ते घालून ब्रेक किती दाबला जातो, हे आधी हातांना कळू द्या.